भुलीआधीची चौकशी चोख, भुलीनंतरची रात्र मात्र बेवारस

सोलापुरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात गेल्या भाद्रपदात माझ्या वडिलांचे पित्ताशय दुर्बिणीतून काढण्यात आले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी लिहिणारे पुष्कळ भेटतात, उपाहारगृहातील चहाविषयी लिहिणारेही भेटतात. परंतु ज्यांच्या हाती रुग्णाचा मेंदू दीड तास सोपवलेला असतो त्या भूलतज्ज्ञांच्या कामाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बिलावरसुद्धा हे सारे काम ‘भूल शुल्क’ अशा एका ओळीत आटोपते. म्हणून हे परीक्षण केवळ त्या विभागापुरते आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीची तक्रार मी पुढे करणार आहे ती शहरातील इतर रुग्णालयांत राहून आलेल्या नातेवाइकांकडूनही मी ऐकली आहे आणि तिच्यासाठी एकालाच वेठीस धरणे मला न्याय्य वाटत नाही.

अण्णांचे वय ७६. सांगोला तालुक्यात साडेतीन एकर डाळिंबाची बाग आहे आणि मुलाने कितीही सांगितले तरी ते बाग सोडून शहरात राहायला तयार नाहीत. मी स्वतः कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून जुळे सोलापुरात राहतो. महिन्याभरात पोटदुखीचे दोन मोठे झटके येऊन गेले, सोनोग्राफीत खडे दिसले आणि शस्त्रक्रिया ठरली. शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी ‘फिटनेस’साठी या, असा निरोप मिळाला. ‘फिटनेस’ म्हणजे एक ईसीजी, एक सही आणि पैसे, अशी माझी आजवरची समजूत होती. ती या ठिकाणी खोटी ठरली, हे प्रथम नोंदवतो.

पहिल्या मजल्यावर ईसीजीच्या खोलीला लागून भूलपूर्व तपासणीची लहान खोली आहे. बाहेर बसायला चारच खुर्च्या आहेत आणि पंखा असून नसल्यासारखा आहे. मात्र आत गेल्यावर भूलतज्ज्ञ मॅडमनी अण्णांसाठी पाऊण तास दिला. त्यांनी तोंड उघडायला लावून घशाचा मागचा भाग दिसतो का ते पाहिले, मान मागे वळवून पाहिली, हलणारे दात मोजले, जिना चढताना दम लागतो का, रात्री घोरता का, पूर्वी कधी भूल घेतली होती का आणि घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे सर्व विचारले. येथवरचे प्रश्न कोठेही विचारले जात असतील. त्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “आजोबा, बागेत शेवटचं औषध कधी मारलं?”

“मारलं की मागच्या आठवड्यात,” अण्णा म्हणाले. “आन् परवा दिशी खोडाला गेरू लावला.”

“गेरूत काय कालवता?”

“ती क्लोरो असतीय की. आन् ते निळं.”

“हातमोजे घालता का?”

“कशाचं हातमोजं बाई! हातानंच सारवतो. बुरुशानं साल झाकत न्हाई.”

ज्यांना डाळिंबाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो की, खोडकिडा रोखण्यासाठी गेरूच्या पाण्यात क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक कालवून तो लेप खोडाला देणे ही आपल्याकडची रुळलेली पद्धत आहे. मी बागेत लहानाचा मोठा झालो आणि तीस वर्षे वर्गात सेंद्रिय फॉस्फरस संयुगांची सूत्रे फळ्यावर लिहिली. तरीही पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि गेरूचा लेप यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. मॅडमनी तो संबंध दोन मिनिटांत सांगितला. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला तो थोडा अधिक विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही.

आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य सुटते. निरोप पोहोचवणे हे त्याचे काम, आणि निरोप पोहोचताच ते द्रव्य तोडून टाकण्यासाठी कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) तेथे हजर असते. क्लोरपायरीफॉस शरीरात गेल्यावर त्याचे अधिक तीव्र रूप तयार होते आणि ते या विकराला चिकटून त्याला निकामी करते. मग निरोप संपतच नाही. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, मेंदूत गोंधळ माजून झटके येतात आणि शेवटी श्वास थांबतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे विषबाधेने जे मृत्यू झाले, त्यांमुळे ही लक्षणे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. अण्णांना यातील एकही लक्षण नव्हते. परंतु याच विकराचा एक भाऊ यकृतात तयार होऊन रक्तात फिरत असतो, आणि थोड्याथोडक्या विषानेही बाहेरून काही न दिसता तो दबलेला असू शकतो. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू झटपट सैल करणारे सक्सिनिलकोलिन नावाचे औषध वापरतात. शस्त्रक्रियागृहात सगळे त्याला स्कोलिन म्हणतात. ते तोडण्याचे काम रक्तातील हे विकर करते, म्हणून निरोगी माणसात स्कोलिनचा अंमल पाच-दहा मिनिटांत उतरतो. विकरच दबलेले असेल तर तो तासन्‌तास उतरत नाही.

यातली खरी भीती मला मॅडमच्या पुढच्या वाक्याने कळली. स्कोलिन मेंदूत जात नाही. ते फक्त स्नायू थांबवते. म्हणजे शस्त्रक्रिया संपली, भुलीचा वायू बंद केला, मेंदू शुद्धीवर आला आणि हातपाय, पापणी, छाती यांपैकी काहीच हलत नाही, अशा अवस्थेत रुग्ण पडून राहू शकतो. आतला माणूस जागा आणि बाहेरचा देह गप्प. बाहेरच्यांना वाटते, अजून भूल उतरली नाही.

त्यांनी रक्तातील कोलिनेस्टरेज तपासायला सांगितले आणि यकृताच्या चाचण्याही मागवल्या, कारण यकृत बिघडले असेल तरी हे विकर कमी भरते. यकृत ठीक निघाले. विकर मात्र प्रयोगशाळेच्या किमान मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास आले. काही आठवडे थांबले तर ते आपोआप भरून येते, परंतु तोवर पित्ताशयाचा तिसरा झटका येण्याचा धोका होता. म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलायची नाही, स्कोलिनला हात लावायचा नाही, त्याऐवजी रोक्युरोनियम हे स्नायू सैल करणारे दुसरे औषध द्यायचे आणि शेवटी त्याचा अंमल सुगमाडेक्सने उतरवायचा, असे ठरले. नेहमी वापरले जाणारे उतारा औषध निओस्टिग्मिन हे स्वतःच कोलिनेस्टरेजला दाबून काम करते. आधीच दबलेल्याला आणखी दाबण्यात अर्थ नव्हता. सुगमाडेक्स ही आठ ग्लुकोजची एक कडी असते आणि ती रोक्युरोनियमचा रेणू आपल्या पोकळीत डब्यात झाकण लावावे तसा बंद करून टाकते. हे औषध महाग आहे आणि ते का घ्यायचे हे आम्हाला आधी समजावून, आमची संमती घेऊन मगच लिहिले गेले. एवढ्या एका प्रश्नोत्तरासाठी या तपासणीला मी पाचपैकी पाच गुण देतो.

चौकशीच्या छापील अर्जातही मला एक गोष्ट आवडली. ‘व्यसन आहे का’ असा मोघम रकाना नव्हता. देशी-विदेशी, हातभट्टी, ताडी-शिंदी, तंबाखू-मावा, झोपेच्या गोळ्या असे निरनिराळे रकाने होते. सोलापुरात हा फरक करणे अगत्याचे आहे. ताडीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या द्रवात क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे आपल्या भागात उघडकीस आलेली आहेत, आणि क्लोरल हायड्रेट हे काही नुसते ‘केमिकल’ नव्हे, ते एके काळचे प्रतिष्ठित झोपेचे औषध आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने ते १८३२ मध्ये तयार केले आणि १८६९ मध्ये लीब्राइखने ते वैद्यकात आणले. रक्तात गेल्यावर त्यातून क्लोरोफॉर्म सुटेल, अशी त्याची अटकळ होती. ती चुकली, शरीरात त्याचे ट्रायक्लोरोइथेनॉल होते. मात्र झोप येते ही गोष्ट खरी ठरली.

दारू, क्लोरल, झोपेच्या गोळ्या आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे पांढरेशुभ्र प्रोपोफोल हे भुलीचे औषध ही सारी मेंदूतील एकाच दारावर थाप मारतात. चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा या द्रव्याचे ग्राही हे ते दार होय. रोज थाप पडत राहिली की मेंदू ते दार बधिर करून घेतो आणि उत्तेजित करणारी बाजू वाढवून तोल सांभाळतो. अशा माणसाला भूल नेहमीपेक्षा अधिक लागू शकते आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, रुग्णालयात आल्यामुळे रोजचा पेला एकाएकी बंद झाला की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसा मेंदू उसळतो. अण्णांच्या शेजारच्या खाटेवर हर्नियाचे एक गृहस्थ होते. त्यांनी घरच्यांसमोर ‘कधीमधी घेतो’ एवढेच सांगितले होते. दुसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरू लागले, घामाने अंगाखालची चादर भिजली आणि पहाटे त्यांना झटका आला. बायकोने मग रडत रडत खरा हिशेब सांगितला. अर्जात रकाना असून भागत नाही. तो प्रश्न रुग्णाला एकट्याला बाजूला घेऊन विचारावा लागतो. तशी सोय त्या खोलीत नाही. खोलीचे दार पडद्याचे आहे आणि बाहेरच्या चार खुर्च्यांवर आतला शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी साडेसहाला माझ्यासमोर भुलीचे संमतिपत्र ठेवण्यात आले. ते संपूर्ण इंग्रजीत होते. मला वाचता येते म्हणून मी वाचले. माझ्या मागे उभ्या असलेल्या, माढ्याहून आलेल्या बाईंनी ‘कुठं सही करू’ एवढेच विचारले. ज्या रुग्णालयाचा चौकशी-अर्ज मराठीत ताडी-शिंदीचा भेद करतो, त्याला संमतिपत्र मराठीत का छापता येऊ नये, याचे उत्तर कोणी दिले नाही.

आत काय घडले ते मी अर्थातच पाहिले नाही. मात्र घरी जाताना मी भुलीच्या नोंदपत्राची छायाप्रत मागितली आणि ती त्यांनी कुरकुर न करता दिली. दर पाच मिनिटांची नोंद असलेला तो कागद मी घरी भिंग घेऊन वाचला. ५८ किलो वजनाला ८० मिलिग्रॅम प्रोपोफोल दिले होते, तेही थोडे थोडे करून. तरुणाला याहून बरेच अधिक लागले असते. सेव्होफ्लुरेन हा वायूही कमीच होता. वयाच्या चाळिशीनंतर दर दहा वर्षांना वायूची गरज साधारण सहा टक्क्यांनी घटते, या हिशेबाने अण्णांना चाळिशीतल्या माणसापेक्षा पाचवा हिस्सा कमी पुरायला हवा, आणि फेंटानिल हे वेदनाशामक सोबत असल्यामुळे त्याहूनही कमी पुरला असणार.

त्याच कागदावर बीआयएस नावाचा एक रकाना आहे. कपाळावर चिकटवलेल्या पट्टीतून मेंदूतील विद्युतलहरी टिपून यंत्र शून्य ते शंभर यांमधील एक आकडा काढते. टक्क जागा माणूस नव्वदीच्या वर असतो, शस्त्रक्रियेच्या भुलीत चाळीस ते साठ अपेक्षित असतात आणि लहरी पूर्ण सपाट झाल्या की शून्य येते. माणसाच्या मेंदूतील या लहरी हान्स बर्गर याने १९२४ मध्ये प्रथम नोंदवल्या. अण्णांचा आकडा सुरुवातीला ९७, मग ३९, नंतर बराच वेळ ४५ ते ५२. साधारण पंचेचाळिसाव्या मिनिटाला तो ३१ वर उतरलेला दिसतो, आणि त्याच रांगेत वायू कमी केल्याची नोंद आहे. मला या कागदावर सर्वांत मोलाचे काही वाटले असेल तर ते हे शेजारी शेजारी असलेले दोन आकडे. म्हाताऱ्या मेंदूला भूल जरा अधिक झाली की लहरींमध्ये सपाट जागा पडू लागतात. मध्येच एक उसळी, पुन्हा सपाट. तसे फार वेळ चालू राहिलेल्या वृद्धांमध्ये नंतर भ्रम होण्याचे प्रमाण जास्त आढळते. कोणीतरी तो आकडा पाहत होते आणि पाहून हात पुढे करत होते.

यंत्राची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. मॅडमनी स्वतःच सांगितले की, तो आकडा काही सेकंद मागून येतो, कपाळाचा स्नायू आखडला तर उगाच वर चढतो आणि केटामिन या भुलीच्या औषधाच्या बाबतीत तर फसवतो. कारण केटामिन गाबाच्या दाराकडे न जाता उत्तेजित करणाऱ्या बाजूचे एनएमडीए नावाचे ग्राही अडवते, त्याने लहरी मंद होण्याऐवजी वेगवान होतात, डोळे उघडे राहू शकतात आणि तरीही माणूस त्या खोलीत नसतो. उच्छ्वासातील वायूचे प्रमाण काळजीपूर्वक सांभाळले तरी बहुतेक रुग्णांमध्ये तेवढीच सुरक्षितता मिळते, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. अण्णांच्या बाबतीत स्नायूंची औषधे आणि वय यांमुळे त्यांना ती पट्टी हवी होती. पट्टी एकदाच वापरता येते आणि तिचे पैसे वेगळे लागले.

आपण सगळेच ‘झोपेचं इंजेक्शन देतात’ असे म्हणतो. पण भूल ही झोप नव्हे. झोपेत मेंदू तासादीड तासाच्या फेऱ्या घालतो, स्वप्ने पाहतो आणि हाक मारली तर परत येतो. प्रोपोफोलने डोक्याच्या मागच्या भागातील शांत लहरी पुढे कपाळाकडे सरकतात, त्यांच्याखाली अतिशय संथ अशी मोठी लाट सुरू होते आणि मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी बोलायचे थांबतात. प्रत्येक मोहल्ल्यात दिवे आहेत, पण पेठेतून पेठेत जाणारा रस्ता बंद आहे, अशी ती अवस्था असते. अण्णांना बाहेर आणले तेव्हा त्यांनी मला पाहून विचारले, “आजून न्हेलं न्हाई व्हय?” झोपून उठलेल्या माणसाला निदान वेळ गेल्याची जाणीव असते, ती त्यांना अजिबात नव्हती.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या शेजारचे आहे. १८४६ च्या १६ ऑक्टोबरला बोस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखवली, दुसऱ्या वर्षी एडिनबरोत सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले, आणि त्यानंतर क्लोरोफॉर्मने मरणारे रुग्ण श्वास थांबून मरतात की हृदय थांबून, यावर जगभर भांडण जुंपले. त्याचा निवाडा करण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या पैशावर हैदराबादेत दोन आयोग बसले; डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे सूत्रधार होते आणि भूल देणाऱ्या आद्य महिलांपैकी एक असलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या त्याच हैदराबादच्या. आयोगाने श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको, असा कौल दिला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्हीने हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदयाची लय बिघडून मृत्यू येतो हे दाखवले आणि तो कौल अपुरा ठरला. सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर हे घडले, आणि आपल्या अभ्यासक्रमात त्याची एक ओळ नाही.

आता तक्रारीकडे वळतो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, संध्याकाळी अण्णांनी दोन घोट पाणी घेतले आणि मी निर्धास्त होऊन खाटेशेजारच्या बाकावर आडवा झालो. रात्री दीडच्या सुमारास ते उठून बसले आणि सलाईनची नळी ओढू लागले. “मोटर कुणी चालू ठेवली? पाट फुटलाय,” असे म्हणत ते पाय खाली सोडू पाहत होते. मी “अण्णा, आपण दवाखान्यात आहोत,” असे सांगितले तर त्यांनी माझ्याकडे परक्यासारखे पाहिले. खोलीत घड्याळ नव्हते, ट्यूबलाइट रात्रभर चालू होती, आणि शस्त्रक्रियागृहात जाताना काढून घेतलेला चष्मा व श्रवणयंत्र प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात कुलूपबंद होते. वॉर्डातील परिचराने त्यांचा उजवा हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधला. रात्रपाळीच्या डॉक्टरांना फोन गेला आणि फोनवरूनच प्रोमेथाझिन या गुंगी आणणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सांगितले गेले. तासभर गुंगी आली. नंतर त्यांची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. जीभ कोरडी पडलेली, बाहुल्या मोठ्या, आणि हवेत काहीतरी वेचल्यासारखी बोटे चाललेली. गावाकडे याला ‘वात झाला’ म्हणतात. मी घाबरलो, आणि खरे सांगायचे तर गेरूच्या लेपाचे विष आत्ता डोक्यात चढले असावे, अशीच शंका मला आली.

ती शंका चुकीची होती, आणि ती कशी चुकीची हे माझ्यासारख्याने बाहुल्यांवरूनच ओळखायला हवे होते. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीएवढ्या होतात; येथे त्या मोठ्या होत्या. सकाळी आठला भूलतज्ज्ञ मॅडम आल्या तेव्हा त्यांनी औषधांचा कागद पाहून पहिल्यांदा प्रोमेथाझिन खोडले. ते औषध ॲसिटिलकोलिनचा निरोप अडवते. कीटकनाशक त्याच निरोपाचा अतिरेक करून मेंदू बिघडवते, तर हे औषध निरोप तोडून बिघडवते. आणि लक्ष एका जागी ठेवण्यासाठी म्हाताऱ्या मेंदूकडे ते द्रव्य मुळात बेताचेच असते. म्हणूनच भूल देताना त्यांनी ॲसिटिलकोलिन अडवणाऱ्या ॲट्रोपिनऐवजी त्याच जातीचे, पण मेंदूत न शिरणारे ग्लायकोपायरोलेट वापरले होते. बारा तास जपलेला तोल वॉर्डातील एका फोनने घालवला.

त्यांनी हाताची पट्टी सोडवली, चष्मा घातला, श्रवणयंत्र कानात बसवले, पडदा सरकवला आणि अण्णांचा हात हातात घेऊन सांगितले, “आजोबा, आज शनिवार. तुम्ही सोलापुरात आहात. बाग ठीक आहे.” मग लघवी तुंबली नाही ना, दुखते किती आहे, रक्तातील सोडियम किती आहे, हे एकेक पाहिले. संध्याकाळपर्यंत अण्णा निम्मे परतले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी डाळिंबाचा भाव विचारला.

मी मॅडमना विचारले की, एवढी पाऊण तास चौकशी झाली, तेव्हा हे होऊ शकते असे आम्हाला का सांगितले नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सांगायला हवं होतं.” त्यांनी सबब सांगितली नाही, याचे मला कौतुक वाटले. पुढे कळले की ‘चष्मा व श्रवणयंत्र शुद्धीवर येताच द्यावे, रात्री दिवा मंद ठेवावा, नातेवाइकाने जवळ राहावे, गुंगीची औषधे टाळावीत’ अशी सूचना त्यांनी फाइलीच्या दुसऱ्या पानावर लिहिली होती. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. वॉर्डात कोणी दुसरे पान उलटले नव्हते. वॉर्डाच्या रात्रीला मी पाचपैकी दोन गुण देतो, आणि त्यांतला एक त्या परिचराला आहे. हात बांधला त्यानेच, पण नंतर पहाटेपर्यंत अण्णांच्या पायाशी बसून तोच त्यांच्याशी म्हशींविषयी बोलत राहिला.

बिलाविषयी थोडक्यात सांगतो. भूल शुल्क, बीआयएसची पट्टी, सुगमाडेक्सची कुपी आणि कोलिनेस्टरेजची चाचणी या चार वेगवेगळ्या नोंदी होत्या, प्रत्येकीची कल्पना आधी दिलेली होती आणि आगाऊ सांगितलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला गेला नाही. भूलपूर्व तपासणीसाठी मात्र मंगळवार आणि शुक्रवार हे दोनच दिवस असल्यामुळे गावाकडून येणाऱ्यांना एक जादा खेप पडते. फवारणी करणाऱ्या, रंगकाम करणाऱ्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर ती खेप अवश्य घाला, आणि न विचारताही सर्व सांगा. वयस्कर माणूस असेल तर चष्म्याची पिशवी स्वतःच्या हातात ठेवा.

रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी मी मागितल्यावर मॅडमनी लेटरहेडवर मराठीत तीन ओळी लिहून दिल्या: रक्तातील कोलिनेस्टरेज कमी आढळले, स्कोलिन टाळले, शस्त्रक्रियेनंतर भ्रम झाला होता, पुढे कोठेही भूल देताना हा कागद दाखवावा. असा कागद प्रत्येकाला न मागता मिळायला हवा. अण्णांनी तो सातबाऱ्याच्या फाइलीत, कर्जाच्या पासबुकाखाली ठेवला आहे. गेल्या महिन्यात मी गावी गेलो तेव्हा फवाऱ्याच्या पंपाशेजारी रबरी हातमोज्यांची जोडी टांगलेली दिसली, अजून वेष्टनातच होती.